लाईन बंद, बोलणं चालू

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालच्या उन्हाळ्यातली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी आमच्या लातूरला आंबा उशिरा आला आणि माझा मुलगा मात्र वरचेवर येऊ लागला. आनंदराज हैदराबादला नोकरीला. एरवी चौदा एप्रिलला यायचा, जयंती करायचा आणि परत जायचा. त्या वर्षी महिन्या-महिन्याला यायला लागला आणि चहा पिताना माझ्याऐवजी भिंतींकडे बघायला लागला. मुलगा आईला सोडून भिंतींकडे बघू लागला, की समजावं, घराला गिऱ्हाईक आलेलं आहे.

"आई, वय झालं तुझं. एकटी किती दिवस राहणार?" असं त्यानं एकदाचं काढलंच. मी गप्प बसले. मला नाही म्हणता येत नाही. (हा माझ्या स्वभावाचा दोष नसून नोकरीचा आहे. त्याबद्दल पुढं सांगते.) माझ्या गप्प बसण्याचा त्यानं व्यवहारी अर्थ काढला. पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "लाईटबिल, पेन्शन, औषधं, सगळं यावर करायचं. वर्षभर कसलाही घोटाळा न होता जमलं तर राहा इथं खुशाल. पण एक जरी घोटाळा झाला ना, मी गाडी घेऊन येतो. मग बॅग भरायची."

हे त्यानं प्रेमानं म्हटलं, हीच खरी अडचण. रागानं म्हटला असता तर मला भांडता आलं असतं.

हैदराबादचं घर वाईट आहे असं नाही. मी तिथं राहून आले आहे. चौदावा मजला, खाली बाग, बागेत चालायला वेगळी वाट आणि पळायला वेगळी वाट. पण तिथं आवाज पोचत नाहीत. भाजीवाली नाही, भांडण नाही, शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा नाही. जिनं जन्मभर आवाजांवर पोट भरलं तिला काचेच्या बरणीत ठेवल्यासारखं होतं.

माझा जन्म धर्मांतरानंतरच्या वर्षातला, म्हणून वडिलांनी नाव ठेवलं महामाया. विसाव्या वर्षी मी नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. पहिल्या दिवशी कानाला हेडफोन लावला आणि तिकडून माहूरचा कुणी माणूस "हॅलो" म्हणाला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. डोंगरावरचा माणूस, मधे एवढं जंगल, आणि आवाज थेट माझ्या कानात! तो काटा आजपर्यंत पुरता खाली बसलेला नाही.

आमच्या सुपरवायझर होत्या गुणाबाई. अंगानं एवढ्याशा, पण त्या हॉलमध्ये शिरल्या की पंखेसुद्धा सावरून फिरायचे. त्यांचे नियम दोन. घंटी दुसऱ्यांदा वाजायच्या आत उचलायचं, आणि विचारणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. "लाईन नसंल तर थांबा म्हना, बिझी असंल तर लावून देते म्हना. 'नाही' हा शब्द चपलांसंगं भाईर काढून यायचा, पोरींनो," असं त्या रोज सांगत. आम्ही काढून आलो. संध्याकाळी घरी जाताना चपला आठवणीनं घातल्या, पण तो शब्द बऱ्याच जणींचा तिथंच राहिला. माझा तर राहिलाच. त्यानंतर मी वर्गणीवाल्याला, उसनी साखर मागणारीला, लग्नात आग्रह करकरून वाढणाऱ्याला, कुणालाच कधी नाही म्हटलेलं नाही.

तर लॅपटॉप. त्यातही कुणी ना कुणी सारखं काहीतरी विचारत असतं, हे मला पहिल्याच दिवशी समजलं. कोपऱ्यात एक चौकट यायची, की अमुक साईटला आपल्याला सूचना दाखवायच्या आहेत. खाली दोन बटणं. एकावर 'अनुमती द्या', दुसऱ्यावर 'ब्लॉक करा'. काय अदब! आजकाल जावईसुद्धा विचारून येत नाहीत. एवढ्या दुरून येऊन कुणी उंबऱ्याबाहेर उभं राहतं, आत येऊ का म्हणतं, आणि त्याच्या तोंडावर दार लावायचं? मी दुसरी घंटी व्हायच्या आत 'अनुमती द्या' दाबायची. पावसाचा अंदाज सांगणारे आले, शेवग्याच्या आमटीवाले आले, गुडघेदुखीवाले तर चार ठिकाणचे आले. सगळ्यांना आत घेतलं.

त्या उन्हाळ्यात गुणाबाईंना ऐंशी पूर्ण झाली म्हणून नांदेडला आम्हा जुन्या ऑपरेटरांचा मेळावा ठरला. मला फक्त एवढंच बघायचं होतं, की लोह्यावरून जाणारी नांदेडची सकाळची एसटी किती वाजता सुटते. पूर्वी हे काम सोपं होतं. स्टँडवर जायचं, चौकशीच्या खिडकीत विचारायचं, "तिकडं लिहिलंय" असं ऐकायचं, तिकडं काही लिहिलेलं नाही हे बघायचं आणि घरी यायचं. या वेळी मी लॅपटॉपवर शोधलं. वेळापत्रकाची म्हणून एक साईट उघडली. तिनं विचारलं, मी अनुमती दिली. तिनं परत विचारलं, मी परत दिली. तिनं म्हटलं पुढं जाण्यासाठी इथं दाबा. दाबलं.

पडदा लालभडक झाला. सायरन सुरू झाला. आणि एक बाई विलक्षण काळजीच्या स्वरात हिंदीतून सांगू लागली, की आपल्या संगणकात पाच व्हायरस शिरलेले आहेत, इंटरनेटवरून तपासणी चालू आहे, बँक, फोटो, सगळं जाण्याच्या बेतात आहे, संगणक कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये आणि खालच्या नंबरावर ताबडतोब फोन करावा. आणि या सगळ्याच्या मधोमध, ठळक अक्षरांत, आमच्या गावाचं नाव. लातूर.

खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते नवल. जगाच्या पाठीवर कुठंतरी बसलेल्या कुणाला तरी लातूर माहीत होतं! आमचं नाव बाहेर निघतं ते भूकंपाला, पाण्याच्या रेल्वेला आणि बारावीच्या निकालाला. आज कसलंही निमित्त नसताना, भर दुपारी, माझ्यासारख्या पेन्शनर बाईच्या टेबलावर कुणीतरी आमचं गाव लाल अक्षरांत लिहिलं होतं. मी अक्षरशः हात जोडायच्या बेतात होते.

मग आनंदराजची गाडी डोळ्यांपुढं आली. डिकी उघडी असलेली.

"ताई, ओ ताई! अँबुलन्स घरात घेतली का काय?" अशी हाक मारत शेजारच्या सिंधुताई ओल्या हातानं आत आल्या. सिंधुताई लोह्याकडच्या. गावाकडं शेती आहे, मुलांच्या शिक्षणासाठी इथं घर केलं, मुलं शिकून गेली आणि सिंधुताई नि त्यांचे मालक सटवाजी राहिले.

"हात लावू नका," मी म्हटलं.

"मला काय धाड भरली हात लावायला! बंद करा की मंग ते."

"बंद करू नका म्हणतोय."

"कोण म्हंतंय?"

"तोच."

सिंधुताईंनी लाल पडद्याकडं नीट बघितलं. "मंग त्येच्याच मनानं चाललंय म्हना सगळं. आमच्या ह्यांच्यावानी हाय. सोता वरडायचं आन् आपल्याला म्हनायचं हलू नको."

सायरन ऐकून समोरचे शिवमूर्तीअप्पा आले. अप्पा निलंग्याचे, साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. रिटायर व्हायच्या आधी पगारवाढीसाठी त्यांना एमएस-सीआयटीची परीक्षा द्यावी लागली होती, आणि तेव्हापासून ते आमच्या गल्लीचे संगणकतज्ज्ञ आहेत. दोन्ही हात पाठीमागं बांधून त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"हं. पाच हायत," ते म्हणाले.

"ते मलाही वाचता येतं, अप्पा."

"पाच म्हंजे लई न्हाईत, बाई. आमच्या कारखान्यात बारा निघालते."

"मग काय केलंत?"

"मी रिटायर झालो."

इतक्यात लाईट गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, सायरन चालूच. लॅपटॉपची बॅटरी फार तर अर्धा तास टिकायची. "बंद पडलं तर सगळं जाईल, तसं ल्हेलंयच त्येच्यात," अप्पा गंभीर आवाजात म्हणाले. त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून जे केलं ते मी आजवर माझ्या सुनेला सांगितलेलं नाही. जो आम्हाला धमकावत होता, त्यालाच जिवंत ठेवण्यासाठी आम्ही धावाधाव केली. अप्पांच्या घरी इन्व्हर्टर. त्यांनी बायकोच्या डोक्यावरचा पंखा बंद केला ("अय्यो, मी काय मानूस न्हाई का?" हा तिचा प्रश्न आम्हाला रस्त्यापलीकडून ऐकू आला), तिथून एक वायर काढली, ती गल्लीवरून आणून सिंधुताईंच्या वाळवणाच्या दोरीला गुंडाळली आणि खिडकीतून माझ्या टेबलापर्यंत पोचवली. लॅपटॉपवर चार्जिंगचा दिवा लागला तेव्हा आम्हाला पेशंट शुद्धीवर आल्यासारखा आनंद झाला. सायरन जोमात वाजू लागला.

आणि गल्लीत टँकर शिरला.

लातुरात टँकरला कुणी अडवत नाही. त्याच्यासाठी वराती बाजूला होतात. टँकरच्या टपावरच्या नळकांड्यात वायर अडकली, वायरीबरोबर वाळवणाची दोरी निघाली, दोरीबरोबर सटवाजींचं धोतर निघालं, आणि इकडं माझा लॅपटॉप टेबलावरून सायरन वाजवत दाराकडं चालू लागला. एखाद्या मंत्र्याची गाडी निघावी तसा, न वळता, न डगमगता. मी नुसती बघत राहिले. सिंधुताईंनी मात्र ओसरीवरून पडणारं बाळ झेलावं तसा त्याला पदरात झेलला. वायर तुटली. धोतर टँकरवर फडकत पार पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आलं. ही सगळी मिरवणूक ओट्यावर बसून बघत असलेले सटवाजी एवढंच म्हणाले, "पानी भरून आनलं आस्तं तरी चाललं आस्तं."

"आता एकच," अप्पा म्हणाले. "बॅटरी हाय तवर पोलिसाला दाखवायचं. जित्तं दाखवलं पायजे, मेल्यावर कोन इस्वास ठेवत न्हाई."

आम्ही रिक्षा केली. अप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी, मी मागं, मांडीवर उघडा लॅपटॉप. आणि मग ते घडलं, जे लातूरच्या रस्त्यांवर मी कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या गाड्या बाजूला होऊ लागल्या. मोटारसायकली कडेला थांबल्या. गांधी चौकात ट्रॅफिकच्या पोलिसानं हात वर करून चारही बाजू अडवल्या आणि आमच्या रिक्षाला वाट काढून दिली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मी लाजेनं मान खाली घातली होती, पण खोटं कशाला बोलू, छाती जरा भरून आली. इतकी वर्षं या गावात राहिले, मला रांगेतसुद्धा कुणी पुढं सोडलं नव्हतं. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "मावशी, हे असंच चालू ठेवनार असाल तर मी दिवसभर फिरवतो तुमाला."

ठाण्यातल्या हवालदारांनी मात्र टोपी काढली नाही. त्यांची टोपी टेबलावरच होती.

"काय चोरीला गेलं?"

"अजून काही नाही. जाणार आहे," मी म्हटलं.

"कधी?"

"ताबडतोब, असं म्हणतोय."

"मावशी, गेल्यावर या. जायच्या आधी लिहून घ्यायला रकाना नाही आमच्याकडं. आणि ते आधी बंद करा."

"बंद करू नका म्हणतोय."

हवालदार उठून उभे राहिले. "कोण म्हणतोय? या खोलीत बंद करा न्हाईतर करू नका म्हणायचा अधिकार माझाय!" सायरन वाजतच राहिला. अधिकाराचा असा अपमान त्या खोलीत बहुधा पहिल्यांदाच होत होता. शेवटी ते दमून बसले आणि म्हणाले, "बरं. या लाल पडद्याची झेरॉक्स काढा, अर्जाला जोडा, मग बघू."

समोरच झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानदाराला मी काय हवंय ते सांगितलं. त्याला काही नवल वाटलं नाही. त्या काचेवर आधारकार्डं, सातबारे, पोरांचे बोनाफाईड दाखले, सगळंच पालथं पडतं. त्यानं माझा लॅपटॉप उघड्या पुस्तकासारखा काचेवर पालथा घातला, अप्पांनी तो मिटू नये म्हणून अंगठ्यानं धरून ठेवला, सायरन गुदमरल्यासारखा खालून वाजत राहिला, हिरवा उजेड इकडून तिकडं गेला आणि कागद बाहेर आला. काळाकुट्ट. कोपऱ्यात फक्त अप्पांचा अंगठा आला होता. अगदी स्पष्ट, रेषांसकट.

"आनखी एक काढू का?" दुकानदारानं विचारलं. मला नाही म्हणता येत नाही. त्यानं आणखी एक काढली.

मी स्टुलावर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला. इतक्या गडबडीत पहिल्यांदाच शांतपणे पडदा वाचत होते. ती बाई म्हणत होती, इंटरनेटवरून तपासणी चालू आहे, त्र्याहत्तर टक्के. बघता बघता चौऱ्याहत्तर झाले, परत त्र्याहत्तर. आणि माझ्या कानात काहीतरी खटकलं. डोक्यात नव्हे, कानातच. इंटरनेटचा डबा तर माझ्या घरी, बुद्धमूर्तीच्या शेजारच्या फळीवर. तोही दुपारपासून लाईट नाही म्हणून बंद.

"तुमच्याकडं इंटरनेट आहे का हो?" मी दुकानदाराला विचारलं.

"सकाळपासून न्हाई, मावशी. रोडवर खोदून राहिलेत."

मग ही बाई कोणत्या लाईनीवरून बोलत होती?

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरची ती तीस तारीख. तोवर माझी बदली लातूरला झालेली, पहाटे मी इथल्या बोर्डावर होते. जमीन हलली, थांबली, आणि मग बोर्डावरचे दिवे एकदम लागायला लागले. औशाहून, उमरग्याहून, कुठून कुठून माणसं ओरडत होती, रडत होती. मी दोन्ही हातांनी कॉर्ड लावत होते. पण किल्लारीकडची एकेक लाईन मी लावून बघितली, आणि तिकडून काहीच आलं नाही. घंटी नाही, खरखर नाही, श्वास नाही. कान बधिर होईल इतकी ती शांतता मोठी होती. जिथं खरंच सगळं गेलेलं असतं तिथून सायरन येत नाही, हे मी त्या पहाटे कानानं ऐकलेलं आहे.

आणि इथं लाईन बंद, आणि बोलणं चालू. म्हणजे पलीकडं कुणी नव्हतंच. कुणी काही तपासत नव्हतं. एक भरून ठेवलेला आवाज, एक भरून ठेवलेला लाल रंग, पाळण्यासारखे पुढं-मागं होणारे टक्के. आमच्या काळातही असे लोक असायचे. "कलेक्टरच्या बंगल्यावरून बोलतोय, लाइटनिंग कॉल लाव लवकर!" असं ओरडून सगळ्यांच्या आधी, तोही फुकटात, नंबर मिळवायचे. खरा बंगल्यावरचा माणूस कधी बंगल्याचं नाव घ्यायचा नाही. आणि ज्याच्या घरचं कुणी गेलेलं असे, तो तर इतका हळू बोले की मला हेडफोन दाबून धरावा लागे.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी थक्क झाले होते. माणसानं माणसाला फसवायला केवढी मेहनत घ्यावी! ती काळजी, तो सायरन, ते 'लातूर'. आमच्या गावच्या हौशी नाटकात एवढी तयारी कधी कुणी केली नाही.

"अप्पा, मी त्या नंबरावर फोन लावते," मी म्हटलं.

"बाई, नगा! फोनातून फोनात येत्यात ते!"

मी लावला. आवाज मोठा ठेवला. पलीकडच्या मुलानं पहिल्याच घंटीला उचलला. गुणाबाई खूश झाल्या असत्या. फार गोड बोलला. "मॅडम, घबराइए मत. मैं आपका कंप्यूटर यहीं से देख रहा हूँ."

नेमकं तेव्हाच माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपनं शेवटचा आचका दिला. बॅटरी संपली. सायरन थांबला, पडदा काळा झाला. दुकानात एकदम इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"काय दिसतंय, बाळा?" मी विचारलं.

"लाल स्क्रीन है, मॅडम. वायरस घूम रहे हैं. बहुत तेज़."

मी काळ्या पडद्याकडं बघितलं. अप्पांनी बघितलं. झेरॉक्सवाल्यानं चालू मशीन थांबवून बघितलं.

"किती आहेत?"

"पाँच थे. अभी सात हो गए."

"वाढले!" अप्पा दचकून म्हणाले. त्यांचं अजून पुरतं जुळलं नव्हतं.

मी घसा साफ केला. कितीतरी वर्षांत न काढलेला तो आवाज काढला, ट्रंककॉलची वेळ संपली हे सांगायचा, बोर्डावरचा. "थ्री मिनिट्स ओव्हर," मी म्हटलं आणि फोन कापला. सबंध नोकरीत बोलणाऱ्या माणसाचा प्लग मी कधी काढला नव्हता. झेरॉक्सवाल्यानं मला न विचारता पाण्याचा ग्लास दिला.

घरी आलो तोवर लाईट आली होती. लॅपटॉप चार्जिंगला लावून उघडला तर लाल पडदा पुन्हा हजर. पण आता माझी भीड चेपली होती. या वेळी मी सायरनकडं दुर्लक्ष करून पडद्याचा कोपरा न् कोपरा वाचला. अगदी वर, क्षणभरच, एक बारीक ओळ येऊन गेली, की पूर्ण पडद्यातून बाहेर पडायचं असेल तर एस्केपचं बटण दाबून धरा. एवढ्या आरडाओरड्यात तेवढी एकच ओळ हळू बोलत होती, म्हणजे तीच खरी. मी एस्केप दाबून धरलं. लाल पडदा आक्रसला, त्याच्या डोक्यावर नेहमीची फुली दिसायला लागली, आणि फुलीवर टिचकी मारल्याबरोबर तो सगळा प्रलय गेला. सिंधुताई, अप्पा, मी, तिघंही तोंडं उघडी टाकून बघत होतो. इतकंच? एवढ्याशा बोटानं?

तरी कोपऱ्यात टुणकन एक सूचना उगवली: पाच व्हायरस सापडले. मग आणखी एक. त्या साईटला मी स्वतःच अनुमती दिलेली. तिला बोर्डावर जोडणारी कॉर्ड माझीच होती. मी सेटिंगमध्ये सूचनांचं पान शोधून काढलं. तिथं सगळे बसले होते, गुडघेदुखीवाले, शेवगेवाले, एसटीवाले म्हणवणारे, ओट्यावर तंबाखू मळत बसलेल्या पाहुण्यांसारखे. प्रत्येकाच्या नावाशेजारी 'ब्लॉक करा'.

हसाल, पण त्या बटणापुढं मी बराच वेळ बसले. सिंधुताई शेवटी वैतागल्या. "आवं दाबा की! ते काय तुमच्या म्हायेरचं हाय का?"

दाबलं. सूचना थांबल्या. मग दुसरी, तिसरी. खोली हळूहळू शांत होत गेली, पाऊस उघडल्यासारखी.

तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या घंटीच्या आत उचलला. आनंदराज.

"आई! कुठं आहेस? सोडलं का तुला?"

"कुणी सोडलं?"

"सिंधुकाकूंचा फोन आलता, तुला पोलिसात नेलं म्हणून. मी गाडी काढून निघालोय, जहिराबादपर्यंत आलोय."

मी सिंधुताईंकडं बघितलं. सिंधुताई छताकडं बघत होत्या. "काळजीपोटी केला," त्या छताला म्हणाल्या.

मी त्याला सगळं सांगितलं. टँकर वगळला. तो ऐकून घेत होता, पण त्याच्या हुंकारांवरून मला कळत होतं, की तो घराच्या भिंती बघतोय.

"आई, आज तुला समजलं. उद्या नाही समजलं तर? बॅग भरून ठेव. मी येतो, उद्या सकाळी निघू. चलतेस ना?"

याला मी कधी कशाला नाही म्हटलं होतं? शाळेत असताना सायकलला नाही, हैदराबादच्या नोकरीला नाही, लॅपटॉपला नाही. समोर पडद्यावर ते पान तसंच उघडं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मी येणार नाही, आनंदा. मी इथंच राहणार."

पलीकडून काहीच आलं नाही. मग मी फोन कानाशी दाबून धरला. मागं ट्रकचा हॉर्न वाजला. ढाब्यावर कुणीतरी कुणाला तेलुगूत हाक मारली. माझ्या मुलाचा श्वास ऐकू आला. लाईन चालू होती. नुसतं कुणी बोलत नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "पण आता एवढं आलोच आहे. जेवायला येऊ का?"

"ये," मी म्हटलं. "विचारून येतोयस तर ये."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. घराचं गिऱ्हाईक दुसरीकडं वळलं. आनंदराज पुन्हा चौदा एप्रिलला येतो. शिवाय मधूनच, काही कारण नसताना, एखाद्या शनिवारी येतो, आणि आता येताना भिंतींकडं न बघता पातेल्यात काय आहे ते बघतो. शिवमूर्तीअप्पांनी इन्व्हर्टरला कुलूप लावलं. त्याची किल्ली त्यांच्या बायकोकडं असते. सिंधुताईंनी ते धोतर जपून ठेवलं आहे. ते फार दूर जाऊन आलेलं असल्यामुळं सटवाजी ते आता फक्त लग्नाला नेसतात. ठाण्यातले हवालदार बदलून गेले. अप्पांच्या अंगठ्याची एक झेरॉक्स मात्र त्या दुकानाच्या भिंतीवर अजून चिकटवलेली आहे, मशीन किती साफ छापतं हे दाखवायला.

त्या मेळाव्याला मी स्टँडवर जाऊन, चौकशीच्या खिडकीत "तिकडं लिहिलंय" ऐकून, मिळेल त्या गाडीनं लोह्यावरून नांदेडला गेले. गुणाबाईंना सगळं सांगितलं, आणि शेवटी भीत भीत म्हटलं, "बाई, तुमचा नियम मोडला मी. नाही म्हटलं." गुणाबाई व्हीलचेअरवर होत्या. हसताना त्यांची कवळी सुटायला आली. "अगं महामाये, तो नियम तुम्हा पोरींसाठी होता. मी सोता कितींदा प्लग काढलाय, तुला म्हाईत हाय का? एका नकली कलेक्टरला तर सबंध दुपार लटकत ठेवलता." मी हेडफोनवरचा तो पहिला "हॅलो" ऐकल्यासारखी त्यांच्याकडं बघत राहिले. गुणाबाई पुढच्या हिवाळ्यात गेल्या. ती बातमी देणारीचा आवाज इतका लहान होता, की मला फोन दाबून धरावा लागला.

तो गोड बोलणारा मुलगा कुठं असतो, कुणास ठाऊक. सात व्हायरसांपर्यंत पोचला होता, आता कितीवर असेल.

लॅपटॉप मात्र अजून विचारतो. दिवसातून तीन-चारदा कोपऱ्यात चौकट येते, कुणीतरी उंबऱ्याबाहेर अदबीनं उभं असतं, येऊ का म्हणतं. मी 'ब्लॉक करा' दाबते. पण दुसरी घंटी व्हायच्या आत दाबते. कुणाला ताटकळत ठेवायचं नाही.